श्रीहरिकोटाच का, आणि गुजरातचा किनारा का नाही?

तुझा प्रश्न असा होता : गुजरातला एवढा लांब समुद्रकिनारा आहे, देशाच्या अंतराळ कार्यक्रमाचं मूळ अहमदाबादेत आहे, मग रॉकेट सोडायला थेट आंध्रातलं श्रीहरिकोटा कशाला गाठलं? आणि टीव्हीवर दिसतो त्या मनोऱ्यापलीकडे त्या बेटावर असतं तरी काय? बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरांना वेळच उरला नाही, म्हणून सविस्तर लिहून देतो आहे. माझी बरीचशी नोकरी त्या बेटावर उड्डाण-सुरक्षेच्या कामात गेली. त्यामुळे उत्तरही त्याच बाजूने येईल.

उड्डाणतळाची जागा ठरवताना सगळ्यांत आधी एकच विचारायचं असतं, रॉकेट पडलं तर कुठे पडेल? यात फसलेलीच रॉकेटं येतात असं समजू नकोस. उत्तम चाललेल्या उड्डाणातही जळून गेलेले टप्पे एकेक करून खाली पडतातच. पीएसएलव्ही या आपल्या नेहमीच्या उपग्रहवाहक रॉकेटाच्या पहिल्या टप्प्याचं रिकामं कवच म्हणजे २.८ मीटर व्यासाचा, काही टन वजनाचा पोलादी नळा. तो कुठेतरी येऊन आदळणार हे ठरलेलं आहे. त्या 'कुठेतरी'ला माणूस नको.

आता नकाशा घे. द्वारकेवर बोट ठेव आणि सरळ पूर्वेला रेघ ओढ. राजकोट आणि आपलं बडोदे जवळजवळ त्या रेघेवरच येतात, पुढे माळवा, मग थेट झारखंडपर्यंत दाट वस्ती. पूर्वेलाच का सोडायचं, तर पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि तो वेग रॉकेटला फुकट मिळतो. विषुववृत्तावर तो सेकंदाला सुमारे ४६५ मीटर, श्रीहरिकोट्याला साधारण ४५०, बडोद्याच्या अक्षांशावर ४३०. म्हणजे आपल्यात आणि श्रीहरिकोट्यात या हिशेबाने वीसएक मीटरचाच फरक. कक्षेत राहायला सेकंदाला जवळजवळ पावणेआठ किलोमीटर लागतात, त्यापुढे हे वीस मीटर किरकोळ. पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसणाऱ्या भूस्थिर उपग्रहांना मात्र विषुववृत्ताजवळ असण्याचा आणखी एक फायदा असतो. उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताच्या पातळीत वळवायला कमी इंधन लागतं आणि उरलेलं त्याच्या आयुष्यात भर घालतं. तरीही माझ्या मते निर्णय केला तो पूर्वेच्या मोकळ्या समुद्राने. श्रीहरिकोट्याच्या पूर्वेला अंदमानपर्यंत पाणीच पाणी आहे. इस्रायलचं उदाहरण बघ. त्यांच्या पूर्वेला शेजारी देश आहेत, म्हणून ते त्यांच्या पालमाखिम तळावरून रॉकेट पश्चिमेला, भूमध्य समुद्रावरून, पृथ्वीच्या फिरण्याच्या उलट सोडतात आणि त्याची किंमत वजनात मोजतात. चीनच्या आतल्या भागातल्या जुन्या तळांवरून सुटलेल्या रॉकेटांचे टप्पे जमिनीवर, कधी वस्तीजवळही पडलेले आहेत. आपल्याला हे दोन्ही नको होतं.

मग थुंबा? तिरुवनंतपुरमजवळचं थुंबा चुंबकीय विषुववृत्तालगत आहे. वातावरणाच्या वरच्या थरांतले विद्युतप्रवाह मोजायला ती जागा अमोलच, म्हणून २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिलं नाइकी-अपाची रॉकेट तिथून गेलं. पण ती छोटी संशोधन रॉकेटं होती, वर जाऊन अरबी समुद्रात पडणारी. उपग्रह सोडायचा तर पूर्वेकडे केरळ आणि तामिळनाडू ओलांडावं लागतं. त्या सुरुवातीच्या तुकडीतले प्रमोद काळे तुझ्याच विद्यापीठाचे, सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्र शिकलेले. पुढे ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. बडोद्याच्या मराठी घरांत हे नाव आजच्या मुलांना माहीत नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आणि विक्रम साराभाईंना आपण अहमदाबादचे म्हणतो, पण वाडीवाडीतला साराभाई केमिकल्सचा कारखाना आणि १९६० साली स्थापलेली ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप ही बाजार-संशोधन संस्था, या दोन्हींमुळे त्यांचा बडोद्याशी रोजचा संबंध होता.

पूर्व किनाऱ्यावर जागा शोधायचं काम साराभाईंनी एकनाथ चिटणीस यांच्याकडे दिलं. मूळचे कोल्हापूरचे हे शास्त्रज्ञ थुंब्याच्या निवडीतही होते. १९६८ साली शोध सुरू झाला. आंध्र प्रदेशाचे तेव्हाचे उद्योग संचालक आबिद हुसेन यांनी मनावर घेतलं आणि सरकारी कामाच्या मानाने जमीन फार झपाट्याने मिळाली. मद्रासच्या उत्तरेला, पुलिकत सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्यामध्ये पसरलेलं हे लांबट बेट. वर निलगिरी आणि सुरूची सरपणासाठी लावलेली झाडं. पश्चिमेला सरोवर असल्यामुळे मोठी वस्ती आपोआपच लांब राहिलेली. आज केंद्राच्या ताब्यात सुमारे १४५ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे.

बेट रिकामं मात्र नव्हतं. यानादी या आदिवासी समाजाची माणसं तिथे पिढ्यान् पिढ्या मासेमारी करून, रानातलं गोळा करून जगत होती. त्यांना उठावं लागलं. काहींना केंद्राच्या कामांवर घेतलं गेलं, रानाची देखभाल आणि इतर कामांत ती माणसं होती. आपल्या यशाच्या इतिहासात या लोकांचा उल्लेख एका ओळीत संपतो. तो एवढ्यात संपू नये. सुरक्षेसाठी जमीन मोकळी हवी असते, तेव्हा ती कोणीतरी मोकळी करून दिलेली असते.

९ ऑक्टोबर १९७१ ला रोहिणी-१२५ हे छोटं रॉकेट तिथून उडालं आणि श्रीहरिकोटा कामाला लागलं. साराभाई त्याच वर्षी ३० डिसेंबरला गेले. उपग्रहाचं रॉकेट तिथून जाताना त्यांना पाहायला मिळालं नाही. पुढे सतीश धवन यांनी सूत्रं घेतली. जानेवारी २००२ मध्ये ते वारले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केंद्राला त्यांचं नाव दिलं गेलं. जुने लोक अजून जुन्या इंग्रजी नावाच्या लघुरूपाने 'शार'च म्हणतात.

१० ऑगस्ट १९७९ चं, एसएलव्ही-३ या आपल्या पहिल्या उपग्रहवाहक रॉकेटाचं पहिलं उड्डाण. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतली झडप अडकली, ऑक्सिडायझर, म्हणजे इंधन जाळायला लागणारं रसायन, गळून गेलं आणि रॉकेट ३१७ सेकंदांनी बंगालच्या उपसागरात कोसळलं. बातमी अपयशाची होती, पण माझ्या कामाच्या दृष्टीने त्या दिवशी जागेची निवड बरोबर ठरली. पडलं ते पाण्यात. पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८० ला त्याच प्रकारच्या रॉकेटाने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत ठेवला.

आता बेटावर काय आहे ते. बहुतेक लोक लाँच पॅडपासून सुरू करतात. मी घन इंधनाच्या कारखान्यापासून करतो, कारण श्रीहरिकोट्याचं खरं वेगळेपण तिथे आहे आणि कॅमेरा तिकडे कधी वळत नाही.

मोठ्या रॉकेटांचे घन इंधनाचे टप्पे तिथेच भरले जातात. अमोनियम परक्लोरेटची भुकटी, ॲल्युमिनियमची पूड आणि एचटीपीबी नावाचा रबरासारखा बांधणारा पदार्थ, हे मोठमोठ्या मिक्सरमध्ये मिसळतात. घट्ट, चिकट रांधा होतो. तो निर्वातात कवचात ओततात, मधोमध ठरावीक आकाराचा साचा उभा असतो, आणि मग बेताच्या उष्णतेत कित्येक दिवस मुरवतात. साचा काढला की मध्ये पोकळी उरते. इंधन या पोकळीच्या भिंतीवरून बाहेरच्या बाजूला जळत जातं. कुठे भेग असेल, हवेचा बुडबुडा असेल किंवा इंधन कवचापासून सुटलेलं असेल, तर जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, आतला दाब वाढतो आणि कवच फुटू शकतं. म्हणून प्रत्येक खंडाची शक्तिशाली क्ष-किरणांनी तपासणी होते. एलव्हीएम-३ या आपल्या सर्वांत मोठ्या रॉकेटाच्या बाजूला बांधलेल्या एस-२०० बूस्टरमध्ये प्रत्येकी दोनशे टनांहून जास्त असं इंधन असतं, तीन खंडांत भरलेलं. अशा मोटारींची कवचं ज्या कारखान्यांत बनतात त्यांत पुणे जिल्ह्यातलं वालचंदनगर आहे. साखरेच्या कारखान्यांची यंत्रं बनवणारं ते गाव, ही आपल्या लोकांनी अभिमानाने सांगायची गोष्ट. फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या केंद्रीय निर्मिती तंत्रज्ञान संस्थेबरोबर बनवलेला दहा टनी उभा मिक्सर तयार झाला. एका घाण्यात जितकं जास्त मिसळेल, तितके वेगवेगळ्या घाण्यांच्या गुणांतले फरक कमी.

मिसळण्याच्या वेळी यंत्राजवळ माणूस नसतो. मातीच्या उंच बांधांआड असलेल्या नियंत्रण कक्षातून काम चालतं. साध्या कपड्यातल्या स्थिर विजेची ठिणगीही तिथे चालत नाही, म्हणून बूट वेगळे, हत्यारं ठिणगी न पाडणाऱ्या धातूंची, प्रत्येक गोष्टीला अर्थिंग. एका इमारतीत किती माल ठेवायचा आणि शेजारची इमारत किती लांब हवी याची कोष्टकं असतात. बेटावर दोन इमारतींत एवढं मोकळं रान का सोडलं आहे, असं पाहुणे विचारतात. कोयलीच्या रिफायनरीत टाक्यांमध्ये अंतर आणि भोवती बांध का असतो हे बडोदेकराला सांगावं लागत नाही, तेच हे, कित्येक पटींनी मोठं. आणि एवढं करूनही फेब्रुवारी २००४ मध्ये घन इंधनाच्या विभागातल्या दुर्घटनेत सहा माणसं गेली. कोष्टकांतल्या आकड्यांकडे मी तेव्हापासून आकडे म्हणून पाहू शकलेलो नाही.

द्रव इंधनाची तऱ्हा निराळी. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात जाणारी रसायनं एकमेकांना भेटताक्षणी पेटतात आणि दोन्ही विषारी. ती भरणारे लोक अंगभर बंद पोशाख घालून, स्वतंत्र हवेच्या पुरवठ्यावर काम करतात. क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड इंधनाच्या, टप्प्यात द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांवर, द्रव ऑक्सिजन उणे १८३ वर. हे अगदी शेवटी, उड्डाणाच्या काही तास आधी भरतात, कारण ते सतत उकळून उडत असतं. द्रव हायड्रोजनची मोठी साठवण टाकी श्रीहरिकोट्याला पुरवणारी आयनॉक्स इंडिया आपल्या बडोद्याची कंपनी आहे. तेव्हा तुझ्या प्रश्नातल्या 'गुजरातचं काय' याचं थोडं उत्तर इथेही आहे.

लाँच पॅड सध्या दोन मुख्य. पहिल्यावर रॉकेट जागेवरच उभं करत, टप्प्यावर टप्पा चढवत. भोवती सुमारे ७६ मीटर उंचीचा फिरता मनोरा असतो, तो उड्डाणाआधी रुळांवरून मागे सरकतो. पीएसएलव्ही सप्टेंबर १९९३ मध्ये इथून पहिल्यांदा गेलं आणि अपयशी ठरलं. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात ते यशस्वी झालं. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला याच पॅडवरून गेलं. या पद्धतीत अडचण अशी की एक रॉकेट उभं असेपर्यंत पॅड अडकून पडतो. दुसरा पॅड ५ मे २००५ ला कार्टोसॅट-१ या उपग्रहाच्या उड्डाणाने सुरू झाला, तिथली रीत वेगळी. उंच जोडणी इमारतीत रॉकेट एका फिरत्या चौथऱ्यावर उभं करतात आणि मग चौथऱ्यासकट रुळांवरून, सुमारे एक किलोमीटर, पॅडवर आणतात. रॉकेट किंचित झुलत, माणसाच्या चालीपेक्षाही हळू सरकतं. चांद्रयान तिन्ही वेळा इथूनच गेलं. पुढे पहिल्या पॅडसाठीही स्वतंत्र जोडणीची सोय झाली आणि अवकाशात दोन उपग्रह जोडण्याच्या, ३० डिसेंबर २०२४ च्या स्पेडेक्स मोहिमेचं रॉकेट तिथे जोडून आणलं गेलं.

चक्रीवादळात जोडणी इमारतीचा मोठा आधार असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पाऊस त्या किनाऱ्याला झोडपतो. पण वाऱ्याची खरी काळजी जमिनीवरच्या वाऱ्याची नसते. दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर वाऱ्याचा झोत बदलतो आणि तिथेच रॉकेटावर सर्वांत जास्त ताण येतो. म्हणून उड्डाणाआधी हवामानाचे फुगे पुन्हा पुन्हा सोडतात आणि त्या मोजमापांप्रमाणे रॉकेटाच्या संगणकातला मार्ग जुळवून घेतात.

आता माझं काम. रडार आणि टेलिमेट्री (रॉकेटावरून रेडिओने येणारी मोजमापं) यांच्याकडून रॉकेटाची जागा आणि वेग सतत येत असतो. त्यावरून पडद्यावर एक ठिपका सरकतो. या क्षणी इंजिन बंद पडलं तर ते नेमकं कुठे आदळेल, ती जागा. नकाशावर आधीच रेघा आखलेल्या असतात. ठिपका रेघ ओलांडणार असं दिसलं की सुरक्षा अधिकाऱ्याने आदेश द्यायचा आणि रॉकेट हवेतच फोडायचं, म्हणजे इंधन वर जळून जातं आणि जे पडतं ते समुद्रात. त्या खुर्चीतल्या माणसाला कोणाला विचारायला वेळ नसतो आणि विचारायची गरजही ठेवलेली नसते. १० जुलै २००६ ला जीएसएलव्ही या भूस्थिर उपग्रहांसाठीच्या रॉकेटाच्या बाजूच्या चार इंजिनांपैकी एकाचा जोर गेला, रॉकेट मार्गावरून ढळलं आणि मिनिटभरातच नष्ट करावं लागलं. २५ डिसेंबर २०१० ला पुन्हा तेच, या वेळी क्रायोजेनिक टप्प्याजवळचे जोड सुटून नियंत्रणाचे आदेश खालच्या टप्प्यापर्यंत पोहोचेनात. किनाऱ्यावर दोन्ही वेळा कोणाला इजा झाली नाही. वर्षानुवर्षं हजारो लोकांनी केलेलं काम एका आदेशात संपवायचं असतं आणि ते योग्य वेळी संपवणं हे त्या अधिकाऱ्याचं चोख काम.

त्याआधीची तयारीही मोठी. समुद्रात मच्छीमारांना सूचना, जहाजांना आणि विमानांना सूचना, तटरक्षक दलाची गस्त. मार्गात एखादा उपग्रह किंवा कचऱ्याचा तुकडा येणार असेल तर उड्डाण मिनिटभर पुढे सरकतं. उलटी गिनती साधारण दिवसभराची असते आणि ती थांबवणं हीही एक कला आहे. १९ ऑगस्ट २०१३ ला जीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात गळती दिसली, सव्वा तास आधी उड्डाण रद्द झालं. इंधन उतरवून रॉकेट परत इमारतीत नेलं, आणि ५ जानेवारी २०१४ ला तेच उड्डाण भारतीय क्रायोजेनिक इंजिनाचं पहिलं यश ठरलं. चांद्रयान-२ चं उड्डाण १५ जुलै २०१९ ला ५६ मिनिटं २४ सेकंद उरलेले असताना थांबवलं, आठवड्याने सोडलं. रद्द झालेल्या उड्डाणावर हळहळणाऱ्या माणसाला मी नेहमी हे दोन दाखले देतो.

श्रीहरिकोट्याचीही एक उणीव आहे. ध्रुवांवरून जाणाऱ्या, म्हणजे ध्रुवीय कक्षेसाठी रॉकेट सरळ दक्षिणेला हवं, पण दक्षिणेला श्रीलंका. त्यामुळे पीएसएलव्ही आधी आग्नेयेला जातं आणि समुद्रावर बरंच पुढे गेल्यावर दक्षिणेला वळतं. या वळणात इंधन जातं. मोठ्या रॉकेटाला ते सोसतं, एसएसएलव्हीसारख्या छोट्याला नाही. म्हणून तामिळनाडूत तुतुकुडी जिल्ह्यात कुलशेखरपट्टिणम इथे नवा तळ होतो आहे, त्याची पायाभरणी २८ फेब्रुवारी २०२४ ला झाली. तिथून दक्षिणेला थेट मोकळा समुद्र आहे. श्रीहरिकोट्यातच पुढच्या पिढीच्या मोठ्या रॉकेटासाठी तिसऱ्या पॅडला जानेवारी २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, खर्च ३,९८४.८६ कोटी रुपये. त्याच महिन्यात, २९ तारखेला, तिथलं शंभरावं उड्डाण झालं. खासगी कंपन्याही आल्या आहेत. स्कायरूटचं विक्रम-एस नोव्हेंबर २०२२ मध्ये गेलं, आणि अग्निकुलने बेटावर स्वतःचा छोटा पॅड उभारून मे २०२४ मध्ये उड्डाण केलं.

आता सौराष्ट्राच्या किनाऱ्याबद्दल माझं मत. वेरावळहून सरळ दक्षिणेला समुद्र मोकळा आहे, त्यामुळे छोट्या ध्रुवीय उड्डाणांना भूगोल आड येत नाही. पण जवळच मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचे फलाट, आखाती देशांकडे जाणारी जहाजं आणि विमानं. दर उड्डाणाला ती सगळी बाजूला ठेवणं सोपं काम नाही. आणि पूर्वेकडची उड्डाणं तिथून कधीच करू नयेत, यावर मी ठाम आहे.

तुला तिथे काम करायचं असेल तर मेकॅनिकलबरोबर केमिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशनकडे दुर्लक्ष करू नकोस. बेटावर झडपा, दाबाचे सेन्सर, वेल्डिंगची तपासणी जाणणाऱ्या माणसाला फार मान आहे. इस्रोची भरती परीक्षेने होते, जाहिरातीवर लक्ष ठेव. सुटीत कालोल-हालोलच्या एखाद्या कारखान्यात दाबपात्रांची चाचणी कशी करतात ते डोळ्यांनी बघून ये, मुलाखतीत ते पुस्तकापेक्षा जास्त कामी येईल.

आणि उड्डाण पाहायचं असेल तर ते जमण्यासारखं आहे. २०१९ पासून सामान्य लोकांसाठी प्रेक्षागृह आहे, नोंदणी ऑनलाइन होते आणि जागा लवकर भरतात. बडोद्याहून नवजीवनने चेन्नई गाठायची, तिथून सुळ्ळूरपेटला लोकल मिळते, पुढे पुलिकतमधून जाणाऱ्या रस्त्याने बेटावर. सरकारी ओळखपत्र मूळ प्रतीत हवं. परतीचं तिकीट उड्डाणाच्या दुसऱ्याच दिवसाचं काढू नकोस, तारीख पुढे जाऊ शकते. हिवाळ्यात गेलास तर सरोवरात हजारो रोहित पक्षी दिसतील, त्यासाठी एक सकाळ राखून ठेव.